जर्मनीतलं बोटीचं लायसन्स (स्पोर्टबूटफ्युररशाइन) : अभ्यास कसा करावा, घोकून भागतं का?

एल्बेकाठचा

मंडळी, मागे खादाडीच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो की एसबीएफ झे पास झालो, तेव्हापासून व्यक्तिगत निरोप (व्यनि) थांबेनात, म्हणून एकदाच सगळं इथे टंकतो. नसेल वाचायचं तर पुढे सरका.

एसबीएफ म्हणजे हौशी लोकांसाठीचं बोट चालवायचं लायसन्स. दोन प्रकार, 'झे' समुद्रासाठी आणि 'बिन्नेन' नद्या, कालवे, तळी यांच्यासाठी. इंजिन १५ हॉर्सपॉवरपर्यंत असेल तर बहुतेक ठिकाणी लायसन्स लागतच नाही, ऱ्हाइनवर मात्र ५ च्या वर गेलात की लागतं. मी हॅम्बुर्गात असतो, बंदराच्या खाली एल्बे कायद्याने समुद्री जलमार्गात मोडते, त्यामुळे मला आधी झे काढणं सोयीचं होतं. वय १६ पूर्ण हवं, डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं (नजर, कान आणि रंग नीट ओळखता येतात का ते, चष्मा चालतो). ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर त्याची कॉपी पुरते, नाहीतर पोलिस रेकॉर्डचा दाखला काढत बसावं लागतं.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न. त्यातले ७ बेसिक आणि २३ समुद्राचे, बेसिकमध्ये किमान ५ आणि बाकीच्यात किमान १८ बरोबर यावे लागतात, दोन्ही वेगवेगळं मोजतात त्यामुळे एकात भरपूर मिळवून दुसऱ्यात ढिलाई चालत नाही. शिवाय नकाशावरचं एक गणित, त्यात ९ उपप्रश्न आणि ७ बरोबर हवेत. सगळे प्रश्न आधीच जाहीर आहेत! ७२ बेसिक आणि २१३ समुद्राचे, जलमार्ग खात्याच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. २०२३ मध्ये प्रश्नसंच बदलला, तेव्हा मित्राने दिलेलं जुनं पुस्तक किंवा जुनं ॲप घेऊन बसू नका.

आता गंमत अशी की त्या जाहीर यादीत प्रत्येक प्रश्नाचं पहिलं उत्तर बरोबर असतं. प्रत्येक. परीक्षेत अर्थातच क्रम फिरवलेला असतो. म्हणून यादी नुसती वाचत बसलात तर डोळ्याला पहिल्या ओळीची सवय लागते आणि सगळं येतंय असं वाटायला लागतं. क्रम फिरवणारं ॲप वापरा, पहिल्या दिवसापासून.

आणि भाषेचा बाऊ करू नका. प्रश्न जर्मनमध्ये आहेत पण तेच तेच तीसेक शब्द फिरून येतात, जर्मनच्या बी वन पातळीवाल्याला जमतं. मी प्रत्येक शब्दापुढे मराठी लिहिलं होतं, सुकाणू, नांगर, भरती, ओहोटी, उधाण, भांग. आपल्याकडे यातले निम्मे शब्द तयारच आहेत, पुण्याच्या माणसाला ठाऊक नसतील ती गोष्ट वेगळी.

नकाशाबद्दल, गाठींबद्दल आणि प्रॅक्टिकलबद्दल प्रतिसादांत लिहितो, चहा झाला की.

ताम्हिणी_घाट

पुण्याच्या माणसाला उगाच टोमणा! खडकवासल्याला आम्ही वल्ही मारलीत लहानपणी. बाकी लेख मस्त, वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडूस_काका

म्हणजे २८५ प्रश्न आधीच हातात, उत्तरं पण हातात, वर तीस प्रश्नांचा पेपर. याला परीक्षा म्हणायचं? आपली दहावीची पोरं हे आठवड्यात उडवतील. एकवीस अपेक्षित काढायची गरज पण नाही. मला यात शिक्षण काही दिसत नाही, कागद दिसतो.

एल्बेकाठचा

काका, अर्धं मान्य. लेखी पास व्हायला घोकंपट्टी पुरते हे खरंच आहे. पण नकाशाचं गणित घोकून येत नाही आणि बोटीवर तर कुणी पर्याय देत नाही. थांबा लिहितोच.

नकाशा: उत्तर समुद्राचा सरावाचा नकाशा असतो, याडे, वेझर आणि एल्बे या तीन नद्यांच्या मुखाचा. दोन गुण्ये, एक डिव्हायडर, टोकदार पेन्सिल आणि चांगलं खोडरबर. शाळेची कंपासपेटी आठवा फक्त गुण्ये मोठे. काम साधारण असं की आल्टे वेझर दीपगृह अमुक अंशावर दिसतंय, दुसरी खूण तमुक अंशावर, तर दोन रेषा ओढा, जिथे छेदतात तिथे तुम्ही आहात. मग तिथून पुढच्या बोयापर्यंत (पाण्यावरची तरंगती खूण) दिशा किती, अंतर किती, इतक्या नॉट (तासाला इतके सागरी मैल) वेगाने किती मिनिटं लागतील.

दोन जागी लोक पडतात. एक म्हणजे अंतर. ते नकाशाच्या उजव्या-डाव्या कडेच्या पट्टीवर मोजायचं, खालच्या-वरच्या पट्टीवर कधीच नाही, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, आणि रेखांशाची मिनिटं उत्तरेकडे जाल तशी आखूड होत जातात. ५४ अंशावर खालची पट्टी वापरलीत तर उत्तर साफ बोंबललं. दुसरी जागा कंपासची. होकायंत्र बोटीतल्या लोखंडामुळे आणि वायरिंगमुळे थोडं फसतं, ते डिव्हिएशन, आणि चुंबकीय उत्तर मुळातच खऱ्या उत्तरेपासून सरकलेली आहे, ते व्हेरिएशन. होकायंत्रावरून नकाशावर जाताना दोन्ही आकडे आहेत त्या चिन्हाने मिळवायचे, पूर्व अधिक, पश्चिम उणे. नकाशावरून होकायंत्रावर यायचं तर चिन्हं उलटी. मी हे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी लिहायचो आणि मगच पेन्सिल उचलायचो.

मनी_माऊ_फ्रांकफुर्ट

मी बिन्नेन केलंय, माइन नदीवर. थोडी भर घालते. ज्यांना दोन्ही करायचेत त्यांनी जमलं तर एकाच दिवशी द्या, ते ७२ बेसिक प्रश्न दोन्हीला सामाईक आहेत त्यामुळे तो भाग एकदाच द्यावा लागतो. बिन्नेनला नकाशाचं गणित नाही पण पाट्या इतक्या आहेत की डोकं फिरतं, पुलाखालून कुठल्या कमानीतून जायचं, कुठे लाटा उठवायच्या नाहीत, कुठे नांगर टाकायचा नाही.

सगळ्यात भारी प्रकार निळ्या पाटीचा. नदीत प्रवाहाविरुद्ध येणारं मोठं जहाज ठरवतं की खाली जाणाऱ्याने कुठल्या बाजूने जायचं. त्याने उजवीकडे निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवला की एकमेकांच्या उजव्या बाजूने पास व्हायचं, काहीच दाखवलं नाही तर डाव्या बाजूने. मालवाहू जहाजावर निळे त्रिकोणी शंकू टांगलेले दिसतात ना, एक असेल तर ज्वलनशील, दोन म्हणजे विषारी वायूचा धोका, तीन म्हणजे स्फोटकं. शेजारी बोट लावायची असेल तर १०, ५० आणि १०० मीटर लांब. हे कळल्यापासून नदीकाठी फिरताना मी नवऱ्याला पिडते, सांग त्या बोटीत काय भरलंय.

आणि छोट्या बोटीवाल्यांनी एक डोक्यात कोरून घ्या, मोठ्या बार्जच्या पुढे साडेतीनशे मीटरपर्यंतचं पाणी कप्तानाला दिसतच नाही. तुम्ही त्याला बघताय म्हणजे तो तुम्हाला बघतोय असं नसतं.

निवृत्त_दर्यावर्दी

धागा वाचून बरं वाटलं. मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, हौशी लायसन्सशी माझा संबंध नाही, पण नियम तेच, १९७२ चे कोलरेग, म्हणजे समुद्रावर टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम. जगात कुठेही समुद्रावर तेच.

खडूस काकांना सांगतो, घोकंपट्टीला मी नावं ठेवणार नाही. बोयांचे आकार, भोंग्याचे आवाज हे पाठच हवं. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझं इंजिन रिव्हर्समध्ये. समोरून हे ऐकू आलं तर विचार करायला वेळ नसतो. पण दिवे पाठ करून उपयोग नाही, दिवे डोळ्यासमोर यायला हवेत. माझ्या हाताखालच्या कॅडेटांना मी हेच करायला लावायचो. डोळे मिट, समोर अंधार, उजव्या हाताला एक लाल दिवा आणि वर पांढरा. काय आहे ते? पोरं म्हणायची सर पोर्ट साइडलाइट. अरे हो, पण म्हणजे काय? म्हणजे त्याची डावी बाजू मला दिसतेय, म्हणजे तो माझ्या उजवीकडून डावीकडे आडवा चाललाय, म्हणजे वाट मी द्यायची. इथे लाल आपल्यासाठी खरोखरच थांबायचा लाल आहे. तेच डावीकडून हिरवा दिसला तर वाट त्याने द्यायची, आपण दिशा आणि वेग धरून ठेवायचा, पण नजर त्याच्यावर, कारण त्याने नियम वाचलाय की नाही आपल्याला ठाऊक नाही. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो सरळ अंगावर येतोय, दोघांनी उजवीकडे वळायचं.

कोनांची बेरीज पण करून बघा, लक्षात राहतं. बाजूचे दिवे प्रत्येकी ११२.५ अंश, मागचा पांढरा १३५, बेरीज बरोबर ३६०. आणि डोलकाठीवरचा पांढरा २२५, म्हणजे दोन बाजूच्या दिव्यांइतका. ज्याने हे ठरवलं त्याने विचार करून ठरवलंय.

ताम्हिणी_घाट

दर्यावर्दी काका, दंडवत _/\_ हे पाठ्यपुस्तकात का नसतं.

टोरंटोकर

आमच्याकडे कॅनडात फारच सोपं आहे बुवा. प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड, कोर्स पण ऑनलाइन, परीक्षा पण ऑनलाइन, ५० प्रश्न, ७५ टक्के हवेत, प्रॅक्टिकल नावालाही नाही, कार्ड आयुष्यभर चालतं. १५ सप्टेंबर २००९ पासून मोटर असलेली कुठलीही हौशी बोट चालवायला ते किंवा तसा काही पुरावा लागतो, इंजिन कितीही छोटं असो. कॉटेजवर एका दिवसासाठी बोट भाड्याने घेतली तर भाड्याने देणारा चेकलिस्ट भरून घेतो तेवढं चालतं. मला हे सगळं वाचून उलट भीती वाटायला लागली की आमच्या तळ्यावरच्या लोकांना नक्की काय येतं.

एक शंका. धागाकर्त्याने बोयांचं लिहिलं नाही. आम्हाला शिकवलं की समुद्राकडून आत येताना लाल बोया उजव्या हाताला. जर्मनीत पण तेच का?

निवृत्त_दर्यावर्दी

उलटं! बरं झालं विचारलंत. जगात दोन पद्धती आहेत. अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपिन्स इथे बी पद्धत, आत येताना लाल उजवीकडे. बाकी जगात, म्हणजे युरोप आणि भारतात पण, ए पद्धत, आत येताना हिरवा उजवीकडे, लाल डावीकडे. मुंबईत शिरताना जे, तेच हॅम्बुर्गला. तुम्ही टोरंटोच्या सवयीने एल्बेत शिरलात तर थेट वाळूवर.

दिशादर्शक काळे-पिवळे खांब मात्र सगळीकडे सारखेच. वर दोन शंकू असतात, दोन्ही वर तोंड करून तर उत्तर, दोन्ही खाली तर दक्षिण. शंकूचं टोक जिकडे तिकडे काळा पट्टा. उत्तरेच्या खांबाच्या उत्तरेकडून जायचं, धोका दुसऱ्या बाजूला असतो. रात्री दिवे घड्याळासारखे मोजायचे, पूर्वेला तीन झपाके, दक्षिणेला सहा आणि एक लांब, पश्चिमेला नऊ, उत्तरेला न थांबता.

बोडनझे_बाई

आम्ही कोन्स्टान्झला. इथे अजून तिसरंच, बोडनझेवर साधं एसबीएफ पुरत नाही, ४.४ किलोवॅटच्या वरच्या मोटरला बोडनझेचं वेगळं पटेंट (परवाना) लागतं, तीन देशांचं तळं ना. काठावर नारिंगी दिवे आहेत वाऱ्याच्या इशाऱ्याचे, मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा, ९० वेळा तर वादळ, गप किनाऱ्याला या. म्हणून सांगते, आधी आपण कुठल्या पाण्यावर जाणार ते ठरवा आणि मग क्लासचे पैसे भरा. माझ्या ओळखीत एकाने उत्साहात भलतंच काढलं.

सोलापुरी_चादर

प्रॅक्टिकलचं लिहा ना भाऊ. मी ज्या क्लासला नाव घातलंय तिथे एका तासात चार जण बोटीवर चढवतात, म्हणजे प्रत्येकाला पंधरा मिनिटं पण येत नाहीत, वर म्हणतात भरपूर झालं. आधी कधी बोट चालवलेली नाही, सोलापूरला पाणी प्यायलाच मिळायची मारामार.

एल्बेकाठचा

हाहा. चार जण असले तरी एक फायदा करून घ्या, बाकीचे चालवत असताना मोबाइल खिशात ठेवा आणि त्यांचे हात बघा. पण जादा तास मिळत असेल तर पैसे देऊन घ्याच, इथे काटकसर नको.

प्रॅक्टिकलमध्ये धक्क्यावरून बोट काढणं, लावणं, अरुंद जागेत वळवणं, कंपासवर सरळ नेणं, दिलेल्या जागी थांबवणं आणि माणूस पाण्यात पडला तर उचलणं. जमलं नाही तर प्रत्येकाला अजून एक संधी देतात, त्यामुळे पहिल्या वेळी बिघडलं म्हणून हातपाय गाळू नका.

बोटीला ब्रेक नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं पण अंगात भिनलेलं नसतं. थांबायचं म्हणजे रिव्हर्स टाकायचा. आणि रिव्हर्स टाकला की पाण्यातल्या पंख्यामुळे (प्रोपेलर) मागचा भाग एका बाजूला ओढला जातो, पंखा उजवा फिरणारा असेल तर डावीकडे. सुरुवातीला हा वैताग वाटतो, पण मग कळतं की हाच मित्र आहे. धक्का डाव्या हाताला ठेवून तिरके जा, अगदी हळू, शेवटी जरासा रिव्हर्स, मागचा भाग आपोआप धक्क्याला टेकतो. त्यामुळे बोटीवर चढल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की पंखा कुठल्या बाजूचा.

माणूस पडला (परीक्षेत रिंग किंवा बोया टाकतात) तर पहिल्यांदा ओरडायचं, कुठल्या बाजूला पडला ते, खरंच मोठ्याने, आपल्या लोकांना इथे उगाच लाज वाटते. गिअर न्यूट्रल, माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचं, म्हणजे मागचा भाग आणि पंखा त्याच्यापासून लांब जातो. रिंग फेका असं सांगा, एकाला फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं करा. मग लांबून वळून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळूहळू जवळ या, आणि उचलताना इंजिन न्यूट्रलमध्येच. न्यूट्रल विसरलात की परीक्षक पेन खाली ठेवतो.

अजून एक जे ते बघतातच, इंजिन पेट्रोलचं आतलं असेल तर चालू करण्यापूर्वी ब्लोअरने तळातली हवा बाहेर काढायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साठते, ठिणगी पडली की संपलं. आणि किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारा) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला.

निवृत्त_दर्यावर्दी

माणूस पाण्यात पडला तर बोट दाखवणारा माणूस, हे सगळ्यात महत्त्वाचं. डोकं नारळाएवढं असतं, दोन लाटांमध्ये गेलं की सापडत नाही.

खडूस_काका

ठीक आहे, प्रॅक्टिकल वाचून शब्द मागे घेतो, अर्धे. लेखीबद्दल कायम. गाठींचं कोण सांगणार?

मनी_माऊ_फ्रांकफुर्ट

मी सांगते काका. ठरलेल्या नऊ गाठी असतात, त्यातल्या परीक्षक विचारेल त्या करून दाखवायच्या, आणि नुसतं बांधून भागत नाही, कशासाठी वापरतात ते पण विचारतात. आठाची गाठ दोरी निसटू नये म्हणून, पालश्टेक म्हणजे न आवळणारा फास, खुंट्याला अडकवायला, दोन वेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायला श्कोटश्टेक. सगळ्यात शेवटी क्लांपेवर (दोरी अडकवायचा दोन शिंगांचा खुंटा) दोरी गुंडाळायची, तिथे शेवटचा वेढा उलटा पडला तर दोरी सुटून येते. मी टीव्ही बघताना खुर्चीच्या दांड्याला बांधायचे. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, गोठ्यात वासराला हीच गाठ बांधायचे तुझे आजोबा. ती पालश्टेकच होती!

ताम्हिणी_घाट

आजोबांना मानद लायसन्स द्या :)

सोलापुरी_चादर

धन्यवाद सगळ्यांना. एक शेवटचं, पुढच्या उन्हाळ्यात क्रोएशियाला मित्रांबरोबर बोट भाड्याने घ्यायचा बेत आहे. एसबीएफ झे तिथे चालतं का? आणि नसेलच पास झालो तर जर्मनीत विनालायसन्स काही जमतं का?

एल्बेकाठचा

चालतं, ते आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट म्हणून धरतात. पण तिथे कप्तानाकडे रेडिओचं सर्टिफिकेट पण मागतात, एसआरसी नावाचं, त्याची परीक्षा वेगळी, नॅटोचे अक्षरसंकेत आणि मेडे (संकटातली हाक) कसा द्यायचा वगैरे. ते हिवाळ्यात उरका, उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत.

विनालायसन्स म्हणाल तर म्युरिट्स तळ्याच्या बाजूला हाउसबोट मिळतात. १५ मीटरपेक्षा लहान, ताशी १२ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या. काही ठरावीक पाण्यावर भाड्याने देणारा तीनेक तास शिकवून तात्पुरता कागद देतो, तेवढ्यावर आठवडाभर फिरता येतं. आणि बिअरचं बघून घ्या, इथे पाण्यावर पण ०.५ प्रमिलचीच (रक्तातल्या अल्कोहोलचं दर हजारी प्रमाण) मर्यादा आहे, आणि सुट्टीवर म्हणून कुणी सोडत नाही.

सोलापुरी_चादर

मग एक जण बिनाबिअरचा राहणार, मला माहितीय कोण ते. क्रोएशियासाठी रेडिओच्या क्लासची चौकशी करतो. कुणी हॅनोव्हरच्या बाजूला एसआरसी केलं असेल तर व्यनि करा, आणि मला अभ्यासाला जोडीदार पण हवाय, रविवारी नकाशा घेऊन बसायला, पोहे माझ्याकडे.

बोडनझे_बाई

पोहे असतील तर हॅनोव्हर काही लांब नाही. गुण्ये घेऊन येते.